आधी घंटा वाजू दे

‘शॉन ऑफ द डेड’ हा झोंब्यांचा, म्हणजे उठून चालणाऱ्या मुडद्यांचा, विनोदी इंग्रजी सिनेमा घंटेने सुरू होतो. लंडनमधला एक पब, बारमागचा माणूस घंटा वाजवतो आणि शेवटची ऑर्डर काय ती सांगा म्हणून हाळी देतो. सिनेमा २००४ चा. तेव्हा इंग्लंडमधले पब साधारण रात्री अकराला बंद होत आणि त्याच्या थोडं आधी ही घंटा होई. कायदा सैल झाला तो त्यानंतरच्या वर्षी. आपल्याकडे नाटकाची तिसरी घंटा झाली की आता सुरू होणार म्हणून आपण सावरून बसतो. इथे पहिलीच घंटा सांगते की वेळ संपत आली. पुढे सिनेमा फिरून फिरून याच पबमध्ये येतो, बाहेर मेलेल्या माणसांची गर्दी दारं बडवत असते, आणि ती साधी धंद्याची घंटा किती खरं बोलत होती ते तेव्हा कळतं.

घंटेनंतर शॉनचा चेहरा. अगदी जवळून. हातात सिगारेट, समोर बिअर, डोळे उघडे पण आत कोणी नाही. सायमन पेग या नटाने तो चेहरा असा सोडून दिलाय की माणूस दमलाय, कंटाळलाय की मेलाय हे कळू नये. समोर बसलेली त्याची मैत्रीण लिझ काहीतरी महत्त्वाचं बोलते आहे. शॉन उशिरा जागा होतो आणि ऐकत होतो असं दाखवतो. ज्याला झोंब्यांशी लढायचं आहे तो नायक पहिल्याच शॉटमध्ये झोंबी दिसतो, हा विनोद पहिल्या फटक्यात कोणाला कळत नाही. कळावा अशी दिग्दर्शक एडगर राइटची इच्छाही नाही. तो फक्त पेरून ठेवतो.

यात काय नाही ते बघा. पबची पाटी नाही, रस्ता नाही, लंडन नाही, आभाळ नाही. मी म्हापशात लग्नाचे व्हिडिओ एडिट करते. लग्न हिंदूंचं असो की ख्रिस्तांवांचं, हॉल मांद्र्यात असो की मडगावला, पहिला शॉट ड्रोनचा. हॉल, पार्किंग, माड, मागे समुद्र असला तर समुद्र. तो नसला तर गिऱ्हाईक विचारतं, ड्रोनचे पैसे घेतले ते कुठे गेले? त्या शॉटचा उपयोग असतो. बघणाऱ्याला जागा कळते, गर्दी कळते, आत कुठून यायचं आणि बाहेर कुठून जायचं ते कळतं, आणि त्याचा जीव थंड होतो. भुताच्या गोष्टीत नेमकं हेच फुकट वाटून टाकायचं नसतं.

हे सगळं लिहायला बसले त्याला कारण माझा भाचा. त्याला देवचारावर, म्हणजे आमच्याकडच्या वेशीवरच्या भुतावर, विनोदी शॉर्ट फिल्म करायची आहे आणि तिची सुरुवात त्याने माझ्या ड्रोनवर बेतली होती. वेशीवरचा वड, वडाखाली मशीनचा धूर, कॅमेरा हळूहळू वर, कुठेतरी कुत्रं रडतंय. मी म्हटलं, ड्रोन मिळेल, पण आधी हे बघ. त्याने हा सिनेमा पूर्वी मोबाइलवर पुढे ढकलत ढकलत पाहिला होता. झोंबी येईपर्यंतचा भाग त्याने गाळला होता! म्हणजे जो मी त्याला दाखवणार होते तोच.

तर पबमधलं टेबल. लिझची तक्रार अशी की आपण दोघं कधी एकटे नसतो. ती बोलत असताना वाक्याच्या मधल्या फटीत एक शिवी येते. पुन्हा ती बोलते, पुन्हा शिवी. शॉनचा मित्र एड मागे जुगाराच्या यंत्रापाशी हरतो आहे. त्याला या बोलण्याशी काही घेणंदेणं नाही, पण एडिटरने त्याच्या शिव्या लिझच्या वाक्यांत अशा बसवल्या आहेत की तो तिला उत्तर देतोय असं वाटावं. मला या जागेचं फार कौतुक आहे. शिवी अर्धा सेकंद उशिरा आली असती तर ती नुसती पार्श्वभूमीला होणारी गडबड झाली असती. अर्धा सेकंद आधी आली असती तर लिझचं वाक्य कापलं गेलं असतं आणि एड उद्धट वाटला असता. आता तो निरागस वाटतो आणि शॉन अपराधी.

लिझचं पुढचं म्हणणं असं की तुझा एड कायम सोबत, म्हणून मलाही माझे रूममेट आणावे लागतात, आणि तुमचं तर पटत नाही. शॉन तिला समजावतो, तुझे ते दोघं मला आवडत नाहीत असं काही नाही. आणि मग बाजूला बघून तेच वाक्य त्या दोघांना सांगतो. कॅमेरा तिकडे जातो तर डेव्हिड आणि डायान त्याच टेबलावर बसलेले! इतका वेळ. आपण समजत होतो की दोघांचं खासगी भांडण चाललंय. त्या भांडणाला दोन माणसं ग्लास धरून हजर होती आणि सगळं ऐकत होती. मग तेच वाक्य एडलाही ऐकवलं जातं, आणि पुरता बोऱ्या वाजतो.

भाचा इथे हसला. मी थांबवलं आणि विचारलं, का हसलास? तो म्हणाला, ते तिथेच होते म्हणून.

भीतीही याच कारणाने वाटते. ते तिथेच होतं. कपाट बंद केलं, आरशात मागे कोणीतरी उभं. दिवा लावला, खाटेच्या पायथ्याशी कोणीतरी बसलेलं. भुताचा सिनेमा तुम्हाला चौकटीत अडकवतो आणि चौकटीच्या बाहेर काहीतरी बसवून ठेवतो. विनोदी सिनेमाही तेच करतो. सामान एकच आहे, चौकटीची कड. कडेपलीकडून जे येतं ते तुम्हाला खाणार असेल तर तुम्ही ओरडता, आणि तुमच्या ताटातलं खाणार असेल तर हसता. राइटने पहिल्या दोन मिनिटांत रक्ताचा थेंब न सांडता प्रेक्षकाच्या डोक्यात पक्कं बसवलं की या सिनेमात चौकटीच्या कडेवर विश्वास ठेवायचा नाही. पुढे तासभर तो त्याचीच वसुली करतो. कडेपलीकडून कधी एड येतो, कधी दात येतात.

हे मला लग्नांनीच शिकवलं असं म्हटलं तर चालेल. ख्रिस्तांवांच्या रिसेप्शनला टोस्ट असतो. कोणीतरी काका माइक घेऊन नवरानवरीबद्दल दहा मिनिटं बोलतो. नवशिका कॅमेरामन काकाच्या तोंडावर कॅमेरा लावून बसतो आणि मला ऐकू येतं की हॉल हसतोय, पण कशाला ते दिसत नाही. हसं बहुतेक वेळा काकाच्या वाक्याला नसतं. मागे उभ्या काकीने डोळे वर केलेले असतात, त्याला असतं. म्हणून मी आता दुसरा कॅमेरा कायम माणसाच्या बोलण्याच्या उलट्या बाजूला लावायला सांगते. काकीचा तो कट काकाचं वाक्य संपल्यावर लगेच टाकला तर थोडं हसू येतं. पाच-सहा फ्रेम, म्हणजे डोळ्याचं पातं लवेपर्यंत, थांबून टाकला तर जास्त येतं. त्या पाच-सहा फ्रेमांत बघणारा मनातल्या मनात वळून बघतो, मग मी त्याला दाखवते. घाबरवायचं असेल तर याच पाच-सहा फ्रेम कमी करायच्या, त्याने वळायच्या आत दाखवायचं. हे माझं गणित आहे, कुठल्या पुस्तकात असेल-नसेल.

पबमध्ये वाजणारं गाणं ‘घोस्ट टाउन’, द स्पेशल्स या बँडचं. १९८१ च्या उन्हाळ्यात इंग्लंडमधल्या शहरांत दंगली चालू होत्या तेव्हा ते तिथे पहिल्या नंबरवर होतं. क्लब बंद पडले, शहर ओस पडलं, असं गाणं. तिथल्या प्रेक्षकाला ते एका सुरात ओळखू येतं. आम्हाला इथे ते नुसतं एक भुताटकीचा ऑर्गन असलेलं डुलणारं गाणं वाटतं, आणि तेवढंही पुरतं. राइटने त्यावर वेगळं भीतीचं संगीत चढवलेलं नाही, ते बरं केलं. गाणं पबच्या आतलं आहे, तिथल्या माणसांना ऐकू येतंय, आणि ते त्याकडे लक्ष देत नाहीत. या सिनेमातली माणसं एकूणच कशाकडे लक्ष देत नाहीत.

मग श्रेयनामावली. इथे भाचा नेहमीप्रमाणे पुढे ढकलायला गेला, मी हात धरला.

कॅमेरा कडेकडेने सरकत राहतो. सुपरमार्केटच्या ट्रॉल्या ढकलणारी पोरं एका तालात पाय ओढत चाललेली. गल्ल्यावर बसलेल्या मुली एकामागून एक वस्तू पुढे सरकवताहेत, नजर कुठेच नाही. बसमधले लोक पेंगताहेत, माना एकदम डुलताहेत. मेकअप नाही, रक्त नाही, संगणकाची करामत नाही. फक्त माणसांना एकाच वेळी एकच हालचाल करायला लावली आहे. एकटा माणूस पेंगतो तेव्हा तो दमलेला असतो. दहा माणसं एकाच तालात पेंगतात तेव्हा आपल्या अंगावर काटा येतो आणि हसूही येतं, आणि दोन्हीपैकी आधी काय आलं ते सांगता येत नाही. म्हापसा बसस्टँडवर सकाळी साडेसातला पणजीच्या बसच्या रांगेत उभं राहून बघा, नट वेगळे आणावे लागणार नाहीत. त्या गल्ल्यावरच्या मुलींतली एक पुढे शॉनच्या परसात येऊन उभी राहते, तेव्हा ती मेलेली असते. शॉन आणि एडला वाटतं की ती प्यायली आहे. चूक त्यांची कशी म्हणायची? ती आधीही अशीच दिसत होती.

इथे एक गोष्ट सांगायची राहते. १९६८ मध्ये जॉर्ज रोमेरोने ‘नाइट ऑफ द लिव्हिंग डेड’ केला तेव्हापासून पडद्यावरचे हे मुडदे बहुतेक पाय ओढतच चालायचे. २००२ मध्ये डॅनी बॉयलच्या ‘ट्वेंटी एट डेज लेटर’मध्ये रोग झालेली माणसं धावायला लागली आणि पुढे पळणाऱ्यांची लाटच आली. राइट आणि पेगनी त्याच सुमारास लिहिलं तरी हट्टाने सावकाश चालणारेच घेतले. मला हा हट्ट कथेतूनच आलेला वाटतो. धावणारा झोंबी कशासारखाच दिसत नाही. सावकाश चालणारा मात्र कामावरून घरी येणाऱ्या कुठल्याही माणसासारखा दिसतो. धावणारे घेतले असते तर ही सगळी श्रेयनामावली कचऱ्यात गेली असती. रोमेरोला हा सिनेमा आवडला आणि त्याने आपल्या २००५ च्या सिनेमात या दोघांना झोंब्याची लहानशी कामं दिली. याहून मोठी शाबासकी काय असणार!

श्रेयनामावली संपते आणि पाय दिसतात. कॅमेरा जमिनीलगत. पाय फरपटत आत येतात, घशातून खोल कण्हण्याचा आवाज. भुताच्या सिनेमात अशा वेळी काय करायचं असतं ते आपल्याला पाठ आहे, आपण अंग चोरून बसतो. कॅमेरा वर जातो, तो शॉन आणि त्याची सकाळची जांभई. सगळ्यांना आठवतो तो हाच विनोद, पण तो उभा कशावर आहे ते ऐकून बघा. मी भाच्याला डोळे मिटायला सांगितलं आणि नुसता आवाज ऐकवला. आवाज सुरुवातीला मेलेल्याचा आणि शेवटी झोपेतून उठलेल्याचा आहे, मधे कुठेही जोड नाही. चित्र ज्या क्षणाला तोंड दाखवतं त्याच क्षणाला आवाजही माणसाचा होतो. आपल्याकडे शॉर्ट फिल्म करणारी पोरं कॅमेऱ्याला लाखभर घालतात आणि आवाज कॅमेऱ्यावरच्याच माइकने घेतात. मग पंख्याच्या घरघरीत भूत बोलतं. बोलतं म्हणजे बोललं असावं असा अंदाज करायचा.

भाच्याने मग मला विचारलं ते बरोबर होतं. म्हणाला, मावशी, हे सगळं इंग्लिश पबमध्ये ठीक आहे. आपल्या लोकांना भूत आणि हसणं एकत्र चालेल? घाबरवलं तर पूर्ण घाबरवायचं, नाहीतर पूर्ण कॉमेडी करायची, असं त्याचे मित्र म्हणत होते.

मी त्याला म्हटलं, तू जत्रेला जातोस तो फक्त खाजं खायला काय?

आमच्या पेडण्यात जत्रेच्या रात्री दशावतारी काला, म्हणजे दशावताराचं नाटक, होतो. मंडळं बहुतेक सिंधुदुर्गातली. मूळ आख्यान सुरू व्हायच्या आधी पूर्वरंग असतो, गणपती येतो, रिद्धी-सिद्धी, भटजी, सरस्वती, आणि मग संकासुर. हा ब्रह्मदेवाचे वेद पळवणारा राक्षस. अंगावर काळं, तोंडावर काळा बुरखा, लाल जीभ. लहानपणी मी आईच्या मांडीवर अर्धवट झोपेत असायचे आणि पखवाजाची लय बदलली की जागी व्हायचे, कारण तो आलेला असायचा. दिसायला तो पुरता भीतीदायक. आणि तोंड उघडलं की गावरान भाषेत वाटेल ते बरळणार. सूत्रधार विचारतो एक, हा ऐकतो दुसरं आणि उत्तर देतो तिसरंच. गावातल्या सरपंचापासून जत्रेतल्या चहाच्या दरापर्यंत कोणालाही सोडत नाही, आणि हे सगळं तोंडपाठ नसतं, समोर बसलेली माणसं बघून जागच्या जागी रचलेलं असतं. मोठी माणसं गडगडून हसायची. पुढे बसलेली आम्ही पोरं हसायचो आणि तो दोन पावलं आमच्याकडे आला की किंचाळत मागे सरकायचो. मग पुन्हा पुढे.

इथे सगळी कमाल सूत्रधाराची असते, हे मला खूप उशिरा, एडिटिंगला बसायला लागल्यावर दिसलं. सूत्रधार घाबरत नाही. त्याच्यासमोर काळा राक्षस जीभ काढून उभा आहे आणि तो त्याच्याशी रेशन दुकानाच्या रांगेत उभ्या माणसाशी बोलावं तसं बोलतो. तो घाबरला असता तर आम्ही नुसते घाबरलो असतो. त्याने राक्षसाची थट्टा केली असती तर नुसते हसलो असतो. तो गंभीरपणे, थोडा वैतागून, त्याला नीट उत्तर द्यायला सांगतो. शॉनही हेच करतो, परसात मेलेली बाई उभी असताना तिला नीट समजावून बघतो. शेवटी विष्णू येऊन संकासुराला मारतो आणि आख्यानाला मोकळी वाट होते. तोवर रात्रभर भीती आणि हसू एकाच पाटावर बसणार आहे हे समोरच्या लोकांना कळलेलं असतं.

मराठीत झोप उडवणारा आणि हसवणारा भुताचा सिनेमा म्हणजे महेश कोठारेंचा १९९३ चा ‘झपाटलेला’, त्याच्याशिवाय हा विषय पुरा होत नाही. तिथे घडी वेगळी आहे. दिलीप प्रभावळकरांचा तात्या विंचू, मृत्युंजय मंत्र, पोलिसाची गोळी, आत्मा बाहुल्यात, हा सगळा भाग भीतीच्या खात्यात. लक्ष्मीकांत बेर्डेंचा लक्ष्या हसण्याच्या खात्यात. दोन्ही खाती एकत्र येतात ती बाहुला लक्ष्याच्या हाती लागल्यावर. रामदास पाध्यांनी केलेला तो बाहुला आहेच असा, हसवायला बनवलेल्या वस्तूचा जबडा हलतो आणि तोच जबडा रात्री भीती घालतो. मला तो सिनेमा तोंडपाठ आहे. पण सुरुवातीचं काही शिकायचं असेल तर मी तिकडे जाणार नाही. गोव्यात झोंबी म्हटलं की लोक २०१३ च्या ‘गो गोवा गॉन’ या हिंदी सिनेमाचंही नाव काढतात, बेटावरची पार्टी आणि रशियन बनून फिरणारा सैफ अली खान. त्यावर पुन्हा कधीतरी. मला आमच्या गावातल्या बारमधलं भूत हवंय, पाहुण्यांचं नको.

‘शॉन’मधली सगळ्यांत गाजलेली जागा खरं तर सुरुवातीनंतरची आहे. शॉन सकाळी घरातून निघून कोपऱ्यावरच्या दुकानात जातो, न तुटणारा एकच शॉट. पुढे जग बुडाल्यावर तो तसाच, त्याच वाटेने, पुन्हा एकाच शॉटमध्ये दुकानात जातो. रस्त्यावर पळापळ, दुकानात फ्रीजच्या काचेवर रक्ताचा पंजा, फरशीवर पाय घसरतो, आणि याला पत्ता नाही. पहिली फेरी बघताना कंटाळा यायला हवा, येतोही, कारण तो कंटाळा उधार घेतलेला आहे. भाच्याला ही दुसरी फेरी आठवत होती. पहिली त्याने पुढे ढकलली होती. मग दुसरीत त्याला नुसते झोंबी दिसले असणार, विनोद दिसलाच नसेल.

तर आमची फिल्म. ड्रोन गेला. वड गेला. धुराचं मशीन भाड्याचं होतं, ते परत गेलं. राहिला तो गावातला बार, बंद व्हायची वेळ. एका माणसाचा चेहरा जवळून. तो बायकोशी फोनवर बोलतो आहे आणि शपथेवर सांगतो आहे की मी निघालो, पेडण्याचा बाजार ओलांडला, पाच मिनिटांत घरी. समोर अर्धी फेणी. भाच्याची कल्पना अशी की उजवीकडून एक हात चौकटीत येतो आणि त्याच्या बशीतले चणे उचलतो. माणूस लक्ष देत नाही. पुन्हा हात, पुन्हा चणे. मग कॅमेरा थोडा सरकतो, शेजारी मित्र बसलेला, आपण हसतो. बायकोची समजूत चालूच. मग मित्र उठून जातो, बाहेरून स्कूटर चालू झाल्याचा आवाज, आणि मित्र ओरडतो, येतंस काय रे? तेवढ्यात उजवीकडून हात.

चांगली होती. मी त्याला एवढंच सांगितलं की तिसऱ्या हाताला संगीत नको, कॅमेरा हलायला नको, आणि पहिल्या दोन वेळेला हात जेवढा आत आला तेवढाच आत यायला हवा, एक इंच कमी नाही की जास्त नाही. त्याला शेवटी माणसाने मान वळवून बघायला हवं होतं. मी म्हटलं, मान वळायला लागली की कट. वळल्यावर तुला भूत दाखवावं लागेल, आणि भूत दाखवायला तुझ्याकडे पैसे नाहीत. तो म्हणाला, मेकअपवाला मित्र आहे. तो मित्र मी पाहिलाय, शिगम्याच्या रोमटात, म्हणजे मिरवणुकीत, त्याने रंगवलेला हनुमान मला अजून स्वप्नात दिसतो.

हे सगळं आमच्या पडवीत चाललं होतं आणि आई ओल्या काजूगरांची सालं काढत ऐकत होती. तिने मधेच सांगितलं की हे काही खरं नाही. देवचार चणे चोरील कशाला? तो राखणदार आहे, वेशीवर फिरतो, गाव सांभाळतो. त्याला लोक रोट देतात, सोरो म्हणजे दारू देतात, विडी देतात. तो उचलत नाही, त्याला द्यावं लागतं. ‘भुकेला कुत्रा आहे तो?’ असं तिने नातवाला विचारलं.

भाच्याचं तोंड पडलं. मला मात्र तिथेच सीन सापडला. हात काही उचलत नाही. हात नुसता येतो, तळवा वर. फोनवर खोटं बोलणारा माणूस न बघता खिशातली विडी काढून त्यावर ठेवतो. मित्र मागतोय असं तोही समजतो आणि आपणही. हात जातो. थोड्या वेळाने पुन्हा तळवा वर, पुन्हा विडी, पुन्हा न बघता. मग मित्राची स्कूटर बाहेर. आणि तळवा. चोरणाऱ्या हातापेक्षा हा मागणारा हात मला जास्त भीतीदायक वाटतो, कारण त्याला घाई नाही. विडी पडद्यावर आली की खाली इशाऱ्याची पट्टी लावायची का, हा प्रश्न भाच्याने लगेच काढला. तो खर्चाचा नाही, त्यामुळे मी सोडवायला नकार दिला.

आवाजाचं ठरवलं की तिसऱ्या वेळेला बायकोचा फोनमधला आवाज चालू राहील. तो तुटला तर भूत आलं हे आपणच ओरडून सांगितल्यासारखं होईल. ती म्हणते आहे, बाजार ओलांडलास तर मग मागे गाणी कसली वाजताहेत? हे वाक्य आणि तळवा एकाच वेळी. बघणारा कशाला हसेल आणि कशाला दचकेल ते त्याचं त्याने बघावं.

शेवट अडला होता. मान वळते आणि कट, हे माझं मला पटलेलं होतं, पण भाचा म्हणत होता की काहीतरी राहिलं. आईने सालांची परात उचलली, आत जाता जाता उंबऱ्यावर थांबली आणि म्हणाली, विड्या दिल्यात इतक्या, पेटवणार कशाने तो? आगपेटी नको?

म्हणून आता मान वळणारच नाही. तिसरी विडी तळव्यावर पडते, पण हात मागे जात नाही, तिथेच राहतो. अंगठा आणि बोटं एकमेकांवर घासतात, काडी ओढल्यासारखी. माणूस बायकोला म्हणतो, अगं आलोच, दारातच आहे. आणि खिशात आगपेटी शोधायला लागतो.